इंग्लंडमधील मराठी कुटुंबांसाठी लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी: विचारापासून नोंदणीपर्यंत

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घराचे कर्ज, पेन्शन आणि मृत्युपत्र यांची चौकशी सहसा वेळेवर होते. मात्र माणूस हयात असतानाच त्याची निर्णय घेण्याची क्षमता हरपली, तर त्याच्या बँकेचे, घराचे आणि औषधपाण्याचे निर्णय कोणी घ्यायचे, हा प्रश्न अनेक घरांत पक्षाघाताचा झटका आल्यावर किंवा स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावरच पुढे येतो. "मुले आहेत, ती बघतील," असे आपण म्हणतो. परंतु इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यानुसार केवळ नात्यामुळे कोणालाही दुसऱ्या प्रौढ व्यक्तीच्या वतीने सही करता येत नाही. रुग्णालयाच्या नोंदीत 'नेक्स्ट ऑफ किन', म्हणजे सर्वांत जवळचा नातेवाईक, म्हणून ज्याचे नाव असते त्याचे म्हणणे डॉक्टर ऐकून घेतात, पण निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे जात नाही. पतिपत्नीचे खाते संयुक्त असले, तरी एकाची क्षमता गेल्याचे कळल्यावर बँक त्या खात्यावरील व्यवहारांवर मर्यादा घालू शकते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

हा अधिकार आपण धडधाकट असतानाच आपल्या विश्वासातील माणसाला देऊन ठेवण्याचे साधन म्हणजे लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजेच एलपीए. मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ या कायद्याने ती आणली आणि १ ऑक्टोबर २००७ पासून ती करता येऊ लागली. त्यापूर्वीची एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अटर्नी कोणाकडे असेल, तर ती आजही चालते, परंतु केवळ पैसा आणि मालमत्ता यांच्यापुरती. या लेखात सांगितलेली पद्धत इंग्लंड आणि वेल्सची आहे. स्कॉटलंडचा कायदा २००० सालचा आणि निराळा आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्येही वेगळी व्यवस्था चालते. एलपीए करण्यासाठी ब्रिटिश नागरिक असण्याची अट नाही; वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि कागद करतेवेळी निर्णयक्षमता शाबूत असावी, एवढेच पुरते.

एलपीए नसेल आणि क्षमता गेलेली असेल, तर नातेवाइकांना कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे, म्हणजे क्षमता गमावलेल्यांची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायालयाकडे, अर्ज करून 'डेप्युटी' (त्या व्यक्तीच्या वतीने निर्णय घेणारा) म्हणून नेमणूक मिळवावी लागते. त्यासाठी वैद्यकीय मूल्यमापन, अर्जाचे शुल्क, हमीचा बाँड आणि दरवर्षीचा हिशेब, असा सगळा संसार मागे लागतो. डेप्युटीवरील सर्वसाधारण सरकारी देखरेखीचेच शुल्क वर्षाला ३२० पौंड आहे. शिवाय वैद्यकीय निर्णयांसाठी डेप्युटी नेमण्यास न्यायालय सहसा राजी नसते. त्यामुळे पुढे दिलेल्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या, तरी त्या टाळण्याची किंमत त्यांच्याहून पुष्कळ मोठी आहे.

पहिली पायरी: क्षमता म्हणजे काय, हे समजून घेणे

प्रत्येक प्रौढ व्यक्तीला निर्णयक्षमता आहे असे गृहीत धरावे, आणि नाही असे म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यावे, हे या कायद्याचे पहिले तत्त्व आहे. दुसऱ्याला शहाणपणाचा वाटत नाही असा निर्णय घेतला म्हणून क्षमता गेली असे ठरत नाही. क्षमता तपासताना चार गोष्टी पाहिल्या जातात: व्यक्तीला संबंधित माहिती समजते का, निर्णय होईपर्यंत ती लक्षात राहते का, त्या माहितीचा सारासार विचार तिला करता येतो का, आणि आपला निर्णय तिला बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने सांगता येतो का. ही तपासणी त्या-त्या निर्णयापुरती आणि त्या-त्या वेळेपुरती असते. आर्थिक गुंतवणुकीचे बारकावे न समजणाऱ्या आजोबांनाही, माझे व्यवहार माझ्या मुलीने पाहावेत, हे पूर्णपणे समजलेले असू शकते.

म्हणूनच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे दार बंद झाले, असे समजू नये. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर एलपीए अनेकदा करता येते. मात्र अशा वेळी डॉक्टरांकडून त्या दिवसाच्या क्षमतेविषयी लेखी मत घेऊन ठेवणे आणि ज्या वेळी रुग्णाला सर्वांत तरतरी असते त्या वेळी, बहुधा सकाळी, बोलणे आणि सह्या उरकणे श्रेयस्कर ठरते.

दुसरी पायरी: दोन स्वतंत्र कागद

एलपीए दोन प्रकारची असते. मालमत्ता आणि आर्थिक व्यवहारांसाठी एलपी१एफ हा अर्ज असतो, तर आरोग्य आणि दैनंदिन काळजी यांसाठी एलपी१एच. दोन्ही स्वतंत्र आहेत, दोन्हींचे शुल्क वेगळे आहे, आणि दोन्हींसाठी वेगवेगळी माणसे नेमण्यास काहीच हरकत नाही. हिशेबात चोख असलेला मुलगा आणि आईच्या पथ्यपाण्याची, पूजाअर्चेची, कोणत्या नर्सकडून आंघोळ घालून घ्यायला ती संकोचते याची जाण असलेली मुलगी, ही विभागणी अनेक घरांत नैसर्गिक असते, तर ती कागदावरही तशीच उतरवावी.

दोन्हींत महत्त्वाचा फरक वापराच्या वेळेचा आहे. आरोग्याची एलपीए केवळ क्षमता गेल्यानंतरच वापरता येते. आर्थिक एलपीए मात्र, अर्जात तसा पर्याय निवडल्यास, नोंदणी होताच डोनरच्या संमतीने वापरता येते. अधिकार देणाऱ्या व्यक्तीला डोनर म्हणतात आणि घेणाऱ्याला अटर्नी. पुष्कळ वडीलधाऱ्यांना 'क्षमता गेल्यावरच' हा दुसरा पर्याय सुरक्षित वाटतो, पण तो निवडला तर प्रत्येक बँक क्षमता गेल्याचा पुरावा मागू शकते. शिवाय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर घराबाहेर पडता येत नसताना त्या कागदाचा काहीही उपयोग होत नाही. विश्वासाचा माणूस नेमला असेल, तर पहिला पर्यायच सोयीचा आहे, असे माझे मत आहे.

आरोग्याच्या अर्जातील पाचव्या विभागात जीव टिकवून ठेवणाऱ्या उपचारांविषयी निर्णय करावा लागतो. पर्याय अ निवडल्यास व्हेंटिलेटर किंवा कृत्रिम आहार यांसारख्या उपचारांना संमती देण्याचा किंवा नकार देण्याचा अधिकार अटर्नीला मिळतो. पर्याय ब निवडल्यास तो निर्णय डॉक्टरांकडे राहतो. यापूर्वी कोणी उपचार नाकारण्याचा आगाऊ निर्णय लिहून ठेवला असेल, तर नंतर केलेल्या एलपीएतील पर्याय अ त्याच उपचारांबाबतचा तो जुना निर्णय निष्प्रभ करतो, याकडे विशेष लक्ष द्यावे.

तिसरी पायरी: अटर्नी निवडणे

अटर्नीचे वय किमान १८ वर्षे असावे, आणि आर्थिक एलपीएसाठी ती व्यक्ती दिवाळखोर नसावी. ती इंग्लंडमध्येच राहत असली पाहिजे असे नाही. एक मुलगा स्लाउला आणि मुलगी नाशिकला असेल, तर दोघांनाही नेमता येते. मात्र परदेशी पत्त्याच्या अटर्नीला बँकेच्या कामात अडचणी येऊ शकतात, त्यामुळे किमान एक अटर्नी येथे राहणारा असावा.

एकाहून अधिक अटर्नी असतील, तर त्यांनी कसे काम करावे हे ठरवावे लागते. 'जॉइंटली' म्हणजे प्रत्येक निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. 'जॉइंटली अँड सेव्हरली' म्हणजे ते एकत्रही किंवा एकेकट्यानेही काम करू शकतात. काही निर्णय एकत्र आणि बाकीचे एकेकट्याने, अशी तिसरी सोयही आहे. मुलांमध्ये भेदभाव नको, या भावनेने आईवडील हटकून पहिला पर्याय निवडतात. त्यातील धोका असा की, एका अटर्नीचे निधन झाले किंवा तो काम करू शकेनासा झाला, तर पर्यायी अटर्नी नेमलेला नसल्यास सर्वांचीच नेमणूक संपते. पती किंवा पत्नीला अटर्नी केले असेल आणि घटस्फोट झाला, तर अर्जात वेगळे लिहिले नसल्यास ती नेमणूक रद्द होते. या सर्व कारणांसाठी पर्यायी अटर्नीचा रकाना मोकळा सोडू नये.

येथे कुटुंबात एक गोष्ट स्पष्ट बोलली जावी. अटर्नी कोण होणार, हे मुलांनी आपसांत ठरवून आईवडिलांसमोर सहीसाठी कागद ठेवणे, ही पद्धत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु हा कागद डोनरचा आहे, आणि पुढची पायरी नेमकी तेच तपासण्यासाठी कायद्याने ठेवली आहे.

चौथी पायरी: सर्टिफिकेट प्रोव्हायडर आणि भाषेचा प्रश्न

डोनरला एलपीए म्हणजे काय हे समजले आहे, कोणी फसवणूक किंवा दबाव केलेला नाही, आणि कागद करण्यात अन्य कोणतीही अडचण नाही, असे प्रमाणित करणारी एक स्वतंत्र व्यक्ती लागते; तिलाच सर्टिफिकेट प्रोव्हायडर म्हणतात. ती डोनरला किमान दोन वर्षे प्रत्यक्ष ओळखणारी असावी, किंवा डॉक्टर, सॉलिसिटर, सोशल वर्कर यांसारखे आवश्यक व्यावसायिक ज्ञान असलेली असावी. डोनरचे किंवा अटर्नीचे नातेवाईक, सून आणि जावईसुद्धा, त्याचप्रमाणे त्यांचे व्यवसायातील भागीदार किंवा पगारी नोकर, आणि डोनर ज्या केअर होममध्ये राहतो तेथील कर्मचारी, या कोणालाही हे काम करता येत नाही. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळात किंवा आपल्या गावच्या मराठी मंडळात वर्षानुवर्षे भेटणारा स्नेही मात्र चालतो. आणि डोनरचे इंग्रजी बेताचे असेल, तर असा मराठी बोलणारा स्नेही अनोळखी व्यावसायिकापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

कारण खरी अडचण भाषेची आहे. अर्ज इंग्रजी आणि वेल्श भाषेत मिळतात, मराठीत नाही. मुलाच्या जन्मानंतर मदतीला म्हणून आलेली आणि मग येथेच राहिलेली आजी दुकानापुरते इंग्रजी बोलते, पण 'क्षमता गेल्यावर माझ्या खात्याचे काय', हा विषय तिला त्या भाषेत मांडता येत नाही. इंग्रजी येत नाही याचा अर्थ क्षमता नाही, असा मुळीच होत नाही. उलट, व्यक्तीला समजेल अशा पद्धतीने माहिती देण्याचे सर्व व्यवहार्य प्रयत्न केल्याशिवाय तिला क्षमता नाही असे म्हणता येत नाही, असे कायदाच सांगतो. परंतु अशा वेळी, ज्याला अटर्नी नेमायचे आहे त्यालाच भाषांतरासाठी शेजारी बसवणे ही मोठी चूक ठरते. ज्याला अधिकार मिळणार आहे, त्याच्याच तोंडून प्रश्न आणि उत्तरे आली, तर दबाव नव्हता हे प्रमाणित करण्यात अर्थच उरत नाही.

म्हणून हे बोलणे सर्टिफिकेट प्रोव्हायडर आणि डोनर या दोघांत, अटर्नी खोलीत नसताना व्हावे. दुभाषा लागलाच तर तो तटस्थ असावा. हा कागद कशासाठी आहे, हीच माणसे का निवडली, त्यांना नेमके कोणते अधिकार मिळतात, ते केव्हा वापरता येतील, कोणी आग्रह केला का, आणि विचार बदलला तर तो रद्द करता येतो हे माहीत आहे का, एवढे प्रश्न विचारून उत्तरांचे टिपण तारखेसह जपून ठेवावे. केवळ सही करून मोकळे होणे पुरेसे नाही, सर्टिफिकेट प्रोव्हायडरने खरोखर मत बनवलेले असले पाहिजे, असे कोर्ट ऑफ प्रोटेक्शननेही २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे भावंडांत वाद उभा राहिला, तर हे टिपण कोणत्याही वकिली पत्रापेक्षा अधिक कामाला येते.

पाचवी पायरी: अर्ज भरणे

अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरून छापता येतो किंवा कागदी स्वरूपात मागवता येतो. सोबत एलपी१२ ही मार्गदर्शिका असते. सॉलिसिटर लावणे बंधनकारक नाही. साध्या घरगुती परिस्थितीत त्याची गरजही पडत नाही, पण व्यवसाय, दुसऱ्या विवाहाची मुले किंवा परदेशी मालमत्ता असेल, तर सल्ला अवश्य घ्यावा.

मराठी नावांची गुंतागुंत या अर्जात हमखास आडवी येते. एका पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे असते, बँकेत फक्त आडनाव असते, आणि विवाहापूर्वीचे नाव जुन्या पेन्शनच्या कागदांवर राहिलेले असते. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहून, 'अन्य नावे' या रकान्यात बाकीची सर्व नावे लिहावीत. जन्मतारखेचेही तसेच आहे: शाळेत घालताना १ जून लावून दिलेल्या पिढीतील मंडळींनी खरी तिथी मनात ठेवून कागदोपत्री असलेलीच तारीख द्यावी.

सातव्या विभागात इच्छा आणि सूचना असे दोन भाग आहेत. इच्छा अटर्नीला मार्गदर्शक असतात; सूचना बंधनकारक असतात. शाकाहारी जेवण मिळावे, संध्याकाळी देवासमोर दिवा लावू द्यावा, मराठी बोलणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी भेटावा, या गोष्टी इच्छांमध्ये मनमोकळेपणे लिहाव्यात. केअर होमच्या कर्मचाऱ्याला त्या अन्यथा कळण्याचा मार्ग नसतो. सूचना मात्र शक्य तितक्या कमी असाव्यात, कारण अव्यवहार्य किंवा बेकायदेशीर सूचनेमुळे नोंदणी अडते. ज्यांची गुंतवणूक एखादी वित्तसंस्था स्वतःच्या अखत्यारीत सांभाळते, त्यांनी ती व्यवस्था चालू ठेवण्याची परवानगी देणारी सूचना लिहिणे हा त्यातील ठळक अपवाद होय.

नोंदणीपूर्वी कळवायच्या व्यक्तींची नावे देणे ऐच्छिक आहे. पाचपर्यंत नावे देता येतात आणि त्यांना एलपी३ या अर्जाने कळवले जाते. अटर्नी न झालेल्या मुलाचे नाव येथे घातले, तर नंतरचे रुसवेफुगवे पुष्कळ कमी होतात.

सहावी पायरी: सह्यांचा क्रम

सर्वाधिक अर्ज अडतात ते येथे, म्हणून घाई करू नये. आधी डोनरने सही करावी. आरोग्याच्या अर्जात पाचव्या विभागातील सही त्याच्याही आधी, साक्षीदारासमोर. त्यानंतर सर्टिफिकेट प्रोव्हायडर, आणि शेवटी अटर्नी व पर्यायी अटर्नी. सर्व सह्या एकाच दिवशी झाल्या तरी चालतात, पण तारखांचा क्रम उलटा होता कामा नये. डोनरच्या सहीचा साक्षीदार १८ वर्षांवरील असावा आणि तो अटर्नी किंवा पर्यायी अटर्नी नसावा. अटर्नीच्या सहीला डोनर साक्षीदार होऊ शकत नाही, मात्र दुसरा अटर्नी होऊ शकतो. साक्षीदाराने समोर बसून पाहायचे असते. व्हिडिओ कॉलवरची साक्ष चालत नाही. सही शाईची असावी, त्यामुळे नाशिकच्या अटर्नीला मूळ कागद कुरिअरनेच पाठवावे लागतात, आणि तेथे कोणीही प्रौढ व्यक्ती साक्षीदार होऊ शकते. चूक झाल्यास पांढरी शाई लावू नये. खोडून बाजूला आद्याक्षरे करावीत. हात थरथरत असल्यास डोनरने खूण केली तरी चालते. त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने सही केली, तर दोन साक्षीदार लागतात.

सातवी पायरी: नोंदणी आणि शुल्क

नोंदणी झाल्याशिवाय एलपीए वापरता येत नाही. अर्ज ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन या एलपीएची नोंदणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या बर्मिंगहॅम येथील कार्यालयाकडे जातो. १७ नोव्हेंबर २०२५ पासून प्रत्येक एलपीएचे शुल्क ९२ पौंड आहे, म्हणजे पतिपत्नींनी प्रत्येकी दोन्ही प्रकार केले तर ३६८ पौंड. डोनरचे वार्षिक उत्पन्न १२,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर शुल्क निम्मे होते, आणि पेन्शन क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मदतीतील गॅरंटी क्रेडिटसारखे काही भत्ते मिळत असतील तर पूर्ण माफी मिळते. येथे मुलांचे उत्पन्न पाहिले जात नाही, त्यामुळे मुलाकडे राहणाऱ्या आजीने सवलतीचा अर्ज जरूर करावा. हरकतींसाठी चार आठवड्यांचा काळ कायद्यानेच राखून ठेवलेला असतो, आणि कागद निर्दोष असतील तर नोंदणीला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात.

नोंदणीनंतर सरकारी ऑनलाइन सेवेतून बँकेला देण्यासाठी कोड काढता येतो; जिथे मूळ कागदच मागितला जातो, तिथे डोनरने प्रत्येक पानावर प्रमाणित केलेली प्रत चालते. क्षमता असेपर्यंत या प्रती डोनर स्वतः, एकही पेनी न देता, करू शकतो. बँकेत अटर्नीचे नाव लावण्याचे काम संकट येण्यापूर्वीच उरकावे.

अटर्नीने काय करू नये

अटर्नीने डोनरचे पैसे आपल्या पैशांपासून वेगळे ठेवावेत, हिशेब जपावा आणि प्रत्येक निर्णय डोनरच्या हिताचा घ्यावा. डोनरचे मृत्युपत्र त्याला करता येत नाही. भेटींविषयी आपल्याकडे हमखास गैरसमज होतो: लग्नाचा आहेर, बारशाची भेट किंवा दिवाळीची ओवाळणी, जेथे भेट देण्याची रीत आहे तेथे ऐपतीला साजेशी रक्कम देता येते. परंतु नातवाच्या घरासाठी मोठी रक्कम देणे किंवा घर बाजारभावापेक्षा कमी किमतीत आपल्याच नावावर करून घेणे यासाठी कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची परवानगी घ्यावी लागते, मग "आईची तशीच इच्छा होती" हे कितीही खरे असले तरी. डोनरच्या मृत्यूबरोबर एलपीए संपते, आणि पुढची कामे मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरकडे, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याकडे, जातात.

पुण्यातील फ्लॅटचे काय?

इंग्लंडची एलपीए भारतातील मालमत्तेसाठी आपोआप चालेल, असे समजू नये. त्यासाठी भारतात वेगळे कुलमुखत्यारपत्र केले जाते. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की सर्वसाधारणपणे तो अधिकार संपुष्टात येतो. म्हणजे ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त गरज पडते, त्याच दिवशी तो कागद निरुपयोगी होतो. कोमातील व्यक्तीच्या पतीला, पत्नीला किंवा मुलांना पालक नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत, पण त्यासाठी प्रत्येक कुटुंबाला न्यायालयात जावे लागते. त्यामुळे बँक खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहणाऱ्याला चालवता येतील अशी, ठेवणे, फ्लॅट विकायचा विचार असेल तर क्षमता असतानाच व्यवहार पूर्ण करणे, किंवा वकिलाच्या सल्ल्याने बक्षीसपत्राचा विचार करणे, हे मार्ग वेळेत तपासावेत. दरवर्षी हिवाळा पुण्यात काढणाऱ्या ज्येष्ठांनी भारतातील वैद्यकीय इच्छापत्रही वेगळे करावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि जानेवारी २०२३ च्या सुधारणेने ते दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून करता येते.

तरीही तात्पुरत्या कामांसाठी इंग्लंडमधून मुखत्यारपत्र पाठवायचे असेल, तर ते भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकित करून घ्यावे किंवा नोटरीकडे करून त्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणपत्र) घ्यावे, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.